फावडं खात्याचं, हात माझे

टामरॅक हिल, मिशिगन
६ ऑक्टोबर २०१३

प्रिय लेम्पी,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. म्हणून पत्र. बसून वाच.

मी घर घेतलं. रस्त्यापलीकडचं, ट्रेगियर म्हातारीचं, दोन मजल्यांचं, हिरव्या छपराचं. लगेच ओरडू नकोस, कर्ज काढलेलं नाही. कागद गिरणी बंद झाली तेव्हा माझा निवृत्तीचा पैसा शेअर बाजारात होता. टाय लावलेला एक माणूस तो फिरवायचा. दोन हजार आठ साली त्याने त्यातला जवळजवळ निम्मा उडवला आणि वर मला ख्रिसमसचं कार्ड पाठवलं. तेहतीस वर्षं मी त्या गिरणीत पाइप जोडले गं, एक जोड गळला नाही. आणि हा गडी कार्ड पाठवतो!

कायद्यात एक सोय आहे म्हणे. आपला निवृत्तीचा पैसा आपल्याच मर्जीने गुंतवायचं खातं उघडता येतं, आणि त्या खात्यातून घरसुद्धा घेता येतं. पैसा आपल्या हातात येत नाही. ओहायोतली एक कंपनी खातं सांभाळते. घर खात्याच्या नावावर, भाडं खात्यात, दुरुस्तीचा खर्च खात्यातून. एकोणसाठ-साठीला आलो की मी ते पैसे काढायला मोकळा. तोवर कर भरायचा नाही. मी आता अठ्ठावन्न. होता तो सगळा पैसा त्यात घातला. माझं म्हातारपण आता मला खिडकीतून दिसतं, त्याला हिरवं छप्पर आहे.

वरच्या मजल्यावर बर्नडेट ट्रुडेल राहते, शाळेची बस चालवायची ती. ती आहे तशी राहील. खालचा मजला रिकामा आहे, दुरुस्ती झाली की भाड्याने देईन.

बारीकसारीक नियम आहेत काही. त्यांचं मी बघून घेईन.

तुझा,
रेइनो


लेक वर्थ, फ्लोरिडा
२५ ऑक्टोबर २०१३

रेइनो,

प्रिय-बिय काही नाही. मी तुझ्यावर संतापलेय.

तुझं पत्र वाचून मी चांगली खूश झाले होते. शेजारणीला सांगून आले की माझ्या धाकट्या भावाला या वयात का होईना, अक्कल आली. मग परवा साराचा फोन आला. तुझ्या मुलीचा! नवऱ्याने घराबाहेर काढल्यापासून ती पोरीला घेऊन कुठल्याशा पत्र्याच्या ट्रेलरमध्ये राहतेय, हे तू मला का नाही कळवलंस? त्या ट्रेलरची जमीन स्वयंपाकघरात खचलीय. इल्सा तीन वर्षांची आहे, सारखी खोकते. आणि तिच्या आजोबाच्या खिडकीसमोर अख्खा मजला रिकामा!

मी साराला म्हटलं, अगं, मग बापाकडे का नाही विचारलंस? तर म्हणाली, "विचारलं आत्या. नाही म्हणाले. जमणार नाही म्हणाले, आणि गॅरेजमध्ये निघून गेले."

गॅरेजमध्ये निघून गेलास! अरे, लाज कशी नाही वाटली? भाड्यासाठी? परक्या कुणाला देशील, चार पैसे जास्त मिळतील म्हणून? आपल्या बाबांनी खाणीच्या संपात तळ्याकाठच्या त्या एका खोलीत तीन कुटुंबं ठेवली होती, हे विसरलास का? आम्ही सगळे सौनातल्या, त्या वाफेच्या न्हाणीतल्या, बाकांवर झोपायचो. तू तेव्हा जन्मला नव्हतास, पण ऐकलंयस तर किती वेळा!

या आठवड्यात साराला त्या घरात आण. नाहीतर पुन्हा मला पत्र लिहू नकोस.

लेम्पी


टामरॅक हिल
९ नोव्हेंबर २०१३

लेम्पी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. तुला एकदा तरी पूर्ण ऐकून घ्यावं लागेल.

मी चिक्कू झालेलो नाही. मला परवानगी नाही. समजलं? सारा त्या घरात राहिली तर माझं खातं मोडतं. पूर्ण भाडं दिलं तरी मोडतं. बाजारभावाच्या दुप्पट दिलं तरी मोडतं. कंपनीच्या पोरीला मी फोनवर चार वेळा विचारलं, शेवटी तीच रडवेली झाली. "मिस्टर कांगास, तुमची मुलगी ही निषिद्ध व्यक्ती आहे." माझी मुलगी! निषिद्ध! मी तिला म्हटलं, "बाई, तिच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्याच्या बाहेर बर्फात गाडी ढकलत होतो, तेव्हा हे कुणी सांगितलं नाही." ती म्हणाली, समजतं मला, पण यादीत आहे. त्या यादीची नक्कल या पाकिटात घातलीय. तूच वाच.

नुसतं तेवढंच असतं तर गिळलं असतं. पण मलाही त्या घराला हात लावायचा नाही. मी, रेइनो कांगास, पाइपफिटर! बर्नडेटच्या स्वयंपाकघरातला नळ टपकतो. चाळीस सेंटचा वॉशर. मी तो बदलला तर मी खात्याला फुकट श्रम दिले, म्हणजे गुन्हा. माझा पाना वापरला तर खात्याला माझी वस्तू दिली, म्हणजे तोही गुन्हा. माझ्या खिशातून वॉशर घेतला तरी गुन्हा. परका माणूस लावायचा, त्याने बिल कंपनीला पाठवायचं, कंपनीने खात्यातून पैसे द्यायचे.

म्हणून डेल प्रूटला लावलाय. तो आला, नळाकडे बघितलं, आणि तो घट्ट आवळून गेला. आवळून! साठ डॉलर. नळ आता जास्त टपकतो. मी रस्त्याच्या अलीकडे, माझ्या हद्दीत, हात खिशात घालून उभा होतो. ओरडून सांगितलेलं चालेल का, हेही कंपनीला विचारलं. पोरगी म्हणाली, नको.

साराला हे मी सांगू शकलो नाही. बापाच्या घरात तुला कायद्याने मनाई आहे, हे मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून गॅरेजमध्ये गेलो. आता तू सांग तिला. तुझं तोंड माझ्यापेक्षा चांगलं चालतं.

रेइनो


लेक वर्थ
१ डिसेंबर २०१३

प्रिय रेइनो,

'प्रिय' परत आलंय, बघ. साराला सांगितलं. रडली, मग हसली, मग तू का नाही सांगितलंस म्हणून पुन्हा रडली. तिला स्वतः एक फोन कर, गाढवा.

तुझी ती यादी मी तीनदा वाचली, चष्मा बदलून वाचली. बायको, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, मुलांचे नवरे-बायका. साराचा तो नालायक नवरासुद्धा यादीत आहे, घटस्फोट होईपर्यंत! त्याला तुझा जवळचा माणूस धरलाय सरकारने! आणि मी? मी कुठे आहे? बहीण हा शब्द कुठेच नाही. छापायचा राहिला असेल म्हणून मी त्या कंपनीला इथून फोन लावला. "भावंडं निषिद्ध नाहीत, मॅडम. तुम्ही तिथे राहू शकता, दुरुस्ती करू शकता, घर विकतसुद्धा घेऊ शकता. त्यांच्या खात्याच्या दृष्टीने तुम्ही परक्याच."

परकी! मी! आई दुसऱ्याच्या घरी कपडे धुवायला जायची तेव्हा तुझे लंगोट कुणी बदलले? तुला न्यूमोनिया झाला तेव्हा अकरा रात्री कोण जागलं? शाळेत तू त्या मास्तरच्या सायकलीची साखळी काढलीस, तर छड्या कुणी खाल्ल्या? वॉशिंग्टनमध्ये बसून कुणीतरी टेबलावर पेन आपटला आणि ठरवलं की मी तुझी कोणी नाही. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे जेवले, पण चव नव्हती.

असो. आता महत्त्वाचं. मला तुझे हात माहीत आहेत. बाबांच्या अंत्यविधीला तू काळ्या सुटात चर्चच्या तळघरात उतरलास आणि वाफेचा हीटर दुरुस्त करून वर आलास, कोपरापर्यंत काळा, आणि तसाच शवपेटीला खांदा दिलास. माझ्या घरी चार दिवस आलास तर तीन दिवस माझ्या सिंकखाली होतास. रेइनो, ते हात खिशात ठेव. खिसे शिवून घे हवं तर. तुझं सगळं म्हातारपण त्या घरात अडकलंय.

लेम्पी
(तुझी परकी)


टामरॅक हिल
२२ जानेवारी २०१४

प्रिय लेम्पी,

साराला फोन केला. तिला इकडे माझ्याकडे राहायला ये म्हटलं, पण माझ्या घरात एकच झोपायची खोली, आणि ऐन बर्फात इथून तिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या कामावर जाणं अवघड. वसंतात बघू म्हणाली. इल्साचा खोकला कमी आहे. निसू, आपला तो गोड ब्रेड, पाठवलास तो पोचला, वेलदोडा जरा जास्त.

इकडे बर्फ फार. सोमवारपर्यंत दोनशे इंच झाला म्हणतात. पाठ दुखते, म्हणून पत्र लहान.

रेइनो


लेक वर्थ
२९ जानेवारी २०१४

रेइनो,

पाठ का दुखते?

तुझ्या दारातला बर्फ तू मशीनने उडवतोस. तुझं छप्पर पत्र्याचं, त्यावरून बर्फ आपोआप घसरतो. मग पाठ कशाने दुखते?

खरं लिही. उलट टपाली लिही.

लेम्पी


टामरॅक हिल
१६ फेब्रुवारी २०१४

प्रिय लेम्पी,

बरं. लिहितो. मधे बोलता येत नाही हे पत्राचं बरं असतं.

वीस जानेवारी, सुट्टीचा सोमवार. चार दिवस सलग पडत होता. सकाळी बर्नडेटचा फोन आला. "रेइनो, माझं स्वयंपाकघराचं दार उघडत नाहीये, आणि छतात काहीतरी करकरतंय." तुला माहीत आहे याचा अर्थ काय. छप्पर दबलं की चौकटी वाकड्या होतात, दारं अडकतात, आणि मग पुढे फार वेळ नसतो. मागच्याच आठवड्यात खालच्या गावात एका गोठ्याचं छप्पर बसलं, चार गायी गेल्या.

मी डेलला फोन केला. तो ग्रीन बे शहरात, मुलीकडे. दुसऱ्या दोघांना केला. एकाकडे अकरा छपरं रांगेत होती, दुसऱ्याने उचललाच नाही. कंपनीला फोन केला. "आज सुट्टीनिमित्त आमचं कार्यालय बंद आहे. तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे." मी त्या यंत्राला जे बोललो ते तुला लिहीत नाही.

बर्नडेटला खाली ये म्हटलं. ती येईना. नव्वद किलोची बाई, खुब्याचं हाड मोडलेलं, जिन्यावर बर्फ. "मी इथेच बसते, तू काहीतरी कर," म्हणाली.

मी काय करणार होतो, लेम्पी? हात खिशात घालून रस्त्याच्या अलीकडे उभा राहणार होतो?

पण मी नियम विसरलो नाही, बरं का. तेवढ्यातही डोकं चालवलं. माझं फावडं मी घेतलं नाही! माझी वस्तू खात्याला द्यायची नाही, हे मला पक्कं माहीत. म्हणून गाडी काढून हार्डवेअरच्या दुकानात गेलो, आणि घरासाठी नवं फावडं घेतलं, ते मोठं पत्र्याचं, दोन हातांनी ढकलायचं. चौपन्न डॉलर. मग शिडीही बर्नडेटचीच घेतली. पाच तास लागले. माझ्या छातीपर्यंत बर्फ होता. शेवटची बाजू खाली ढकलली तेव्हा आतून बर्नडेट ओरडली, "दार उघडलं!" तिने मला मटाराचं सूप दिलं. मी ते बाहेर पायरीवर उभा राहून प्यायलो, आत गेलो नाही.

आणि मग माझ्यातल्या शहाण्याने काय करावं? खर्च आपल्या खिशातून करायचा नाही, हाही नियम. म्हणजे त्या चौपन्न डॉलरचं बिल कंपनीला पाठवायला हवं. त्यांचा फॉर्म आहे. मी नीट भरला, सगळे रकाने. कामाचं स्वरूप: छपरावरचा बर्फ काढणे. काम करणाऱ्याचं नाव: रेइनो कांगास.

परवा त्यांचं पत्र आलं. मी निषिद्ध काम केलेलं दिसतं. निर्णय देणं त्यांच्याकडे नाही, पण कागद त्यांच्या फाइलला लागला, आणि कर खात्याने तसं धरलं तर नियमाने वर्षाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे एक जानेवारीपासून, ते खातंच नाही. म्हणजे सगळा पैसा मी एकदम काढला असं होतं. त्यावर कर, आणि साठीच्या आधी काढला म्हणून वर दंड. शहरातल्या एका वकिलाने आकडा काढला. एकतीस हजार डॉलर, लेम्पी. मी घर वाचवलं म्हणून.

माझा विश्वास बसत नाही अजून. मी डॉक्टरसारखा हात धुऊन चढलो होतो गं त्या छपरावर.

रेइनो


लेक वर्थ
२४ फेब्रुवारी २०१४

रेइनो,

मी तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग इतक्या जोरात ओरडले की शेजारीण धावत आली.

एकतीस हजार! बर्फ काढल्याबद्दल! बाई मेली असती तर चाललं असतं का त्यांना? तेव्हा खातं शाबूत राहिलं असतं, नाही? छप्पर पडू दिलंस, म्हातारी चिरडू दिलीस की तू आदर्श गुंतवणूकदार. आणि तूही काय रे! फावडं नवं घेतलंस! दुकानात गेलास! तेव्हा तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की फावड्याला दोन हात लागतात?

पण मी नुसती ओरडत बसलेली नाही. उपाय शोधलाय. सोबतचा कागद बघ. मी नोटरीसमोर सही केलीय.

"मी, लेम्पी ओलिला, वय अडुसष्ट, वीस जानेवारी रोजी टामरॅक हिल इथे होते, आणि वरील घराच्या छपरावरचा बर्फ मी काढला. माझ्या भावाने फॉर्मवर चुकून स्वतःचं नाव घातलं."

मी यादीत नाही ना? मी परकी ना? मग परकीने काढला बर्फ! त्यांनीच मला कुणी नाही केलं, तर आता त्या 'कुणी नाही'चा उपयोग होऊ दे. बर्नडेट माझ्या बाजूने बोलेल, तिला मी लहानपणापासून ओळखते. अडुसष्टाव्या वर्षी फ्लोरिडाची बाई छपरावर कशी चढली म्हणतील, तर म्हणू दे. मी कोणाची मुलगी आहे ते त्यांना माहीत नाही.

कागद लगेच वकिलाला दे. आणि तोंड बंद ठेव. तेवढं एक तरी जमतं ना तुला?

लेम्पी


टामरॅक हिल
८ मार्च २०१४

लेम्पी,

तुझा कागद फाडला. तुकडे पाठवत नाही, चुलीत घातले.

चिडून लिहितोय, ते चालवून घे. तेहतीस वर्षं मी गिरणीत पाइप जोडले. जोड झाला की त्याच्या शेजारी आपला नंबर ठोकायचा. माझा एक्केचाळीस. जोड गळला तर कुणाकडे जायचं ते कळायला. गिरणीत एक नियम कुणीच मोडला नाही: दुसऱ्याच्या जोडावर आपला नंबर ठोकायचा नाही, आणि आपला जोड दुसऱ्याच्या नंबरवर घालायचा नाही. छप्पर मी साफ केलं. ते चांगलं साफ केलं. त्यावर तुझं नाव घालू? त्या एका कामाची मला लाज वाटावी असं काय आहे त्यात?

आणि तू तुरुंगात गेली असतीस, म्हातारे. खोटी शपथ! नोटरीसमोर! तू डोकं कुठे ठेवून आली होतीस?

वकिलाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मिस्टर कांगास, तुम्ही फॉर्म भरला नसता तर कुणाला कळलंही नसतं." मी त्याला म्हटलं, ते मला माहीत आहे, पुढे बोला. पुढे त्याने सांगितलं की झगडायचं तर वर्षं जातील आणि त्याची फी जाईल. नाहीतर कर भरायचा, घर खात्यातून काढून माझ्या नावावर घ्यायचं.

मी कर भरायचं ठरवलं. खात्यात घर सोडून नऊ हजार उरलेत. बाकीचे कुठून आणायचे ते तुला कळलंच असेल. म्हणूनच हे पत्र मी चार दिवस लिहीत होतो.

तळ्याकाठची जागा. बाबांनी दोघांच्या नावाने ठेवलेली. शिकागोचा एक माणूस मागतोय. तुझ्या सहीशिवाय विकता येत नाही.

नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही.

रेइनो


लेक वर्थ
३० एप्रिल २०१४

रेइनो,

सात आठवडे लिहिलं नाही. तुला वाटलं असेल रुसले. रुसलेच होते. आधी कागद फाडलास म्हणून. मग तुझं बरोबर होतं म्हणून, त्याचा राग जास्त दिवस टिकतो.

सही सोबत आहे. ती सौना बाबांनी मी सहा वर्षांची असताना बांधली. लाकडं मी सोलली होती, बोथट सुरीने. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने मला तिथेच न्हाऊ घातलं. तू तिथेच पहिल्यांदा तळ्यात उडी मारलीस आणि "मेलो, मेलो" ओरडत वर आलास. हे सगळं सरकारला हवंय, कारण तू बर्फ काढलास. मी आमच्या इथल्या खासदाराला पत्र लिहिलंय. पाच पानं. उत्तर आलं, छापील, माझं नाव चुकवलेलं.

विक्रीतला माझा अर्धा वाटा तुझ्या त्या दंडात घाल. आभार मानलेस तर परत मागून घेईन, सांगून ठेवते.

आणि एक. विक्रीच्या कागदात जमीन आहे, इमारती आहेत, झाडं आहेत. मी शब्द न् शब्द वाचला. दगडांचं नाव कुठेही नाही. सौनाच्या चुलीवरचे दगड. बाबांनी आणि मी ते किनाऱ्यावरून वेचून आणलेत, पिशवीने, एका उन्हाळ्यात. शिकागोच्या माणसाला त्याचं काय? ते घेऊन ये. हे खोटं नाही, चोरी नाही, तुझा नंबर कुठे बिघडत नाही. गाडी काढ आणि आण.

लेम्पी


टामरॅक हिल
१५ जून २०१४

प्रिय लेम्पी,

आभार मानत नाही. सांगितलंस तसंच.

खातं बंद झालं. घर एकोणीस मेला माझ्या नावावर झालं. नोंदणी कार्यालयातून निघालो तो सरळ बर्नडेटकडे गेलो, स्वतःचा पाना घेऊन, स्वतःच्या खिशातला वॉशर घेऊन. नळ उघडला, बदलला, बंद केला. अकरा मिनिटं लागली. ऑक्टोबरपासून टपकत होता तो. बर्नडेट हात बांधून बघत उभी होती. म्हणाली, "जगात याहून महाग वॉशर कुणी बसवला नसेल." मी हसलो, आणि पाना पुसत मनात हिशेब केला. तेहतीस वर्षांच्या कमाईतला तिसरा हिस्सा गेला, लेम्पी. म्हातारपण थोडं उशिरा येईल आता. जुलैपासून इस्पितळात बॉयलरवर जातोय, आठवड्यातले तीन दिवस. तिथे मला पानाही धरू देणार आणि वर पैसेही देणार.

सारा आणि इल्सा पाच तारखेला खालच्या मजल्यावर आल्या. जमीन मी घातली, भिंती मी रंगवल्या, डेलने आवळलेलं सगळं मी सैल केलं. साराने भाडं पुढे केलं. मी गॅरेजमध्ये निघून गेलो. या वेळी ती मागे आली आणि आम्ही दोघं तिथे बराच वेळ बोललो, हे तुला आवडेल म्हणून लिहितो.

आता ऐक, आणि खुर्ची घट्ट धर. मागच्या आठवड्यात कंपनीचं शेवटचं पाकीट आलं. हिशेब पूर्ण, धन्यवाद, पुन्हा सेवेची संधी द्या. आणि आत एक चेक. चौपन्न डॉलर. "फावडे: मालमत्तेच्या देखभालीचा योग्य खर्च, मंजूर." मंजूर! फावडं कायदेशीर, लेम्पी! फक्त ते धरणारे हात बेकायदेशीर! मी तो चेक हातात घेऊन अंगणात असा ओरडलो की इल्सा घाबरून बर्नडेटकडे पळाली.

तो चेक मी वटवला. माझ्या घामाचे आहेत ते. त्याचे खिळे आणले.

कारण घराच्या मागे, साराच्या खिडकीपासून वीस पावलांवर, सौना उभी राहतेय. लहान आहे, चार माणसांची. दगड सगळे आणले, एकशे बारा. शिकागोचा माणूस तिथेच उभा होता. काय करताय म्हणाला, मी म्हटलं, दगड नेतोय. म्हणाला, न्या की, मला तसाही तो भाग पाडायचाच आहे.

छप्पर झालं, बाक झाले, चूल बसली. पण तापवलेली नाही. सारा रोज विचारते, इल्सा दिवसातून चार वेळा विचारते. मी नाही म्हणतो. तुझ्यासाठी ग्रीन बेपर्यंतचं तिकीट सोबत आहे, तीन जुलैचं, पुढे मी गाडी घेऊन येतो. कंबर दुखते, डास चावतात, हे काही ऐकणार नाही.

त्या कंपनीची यादी, जिच्यात तू नाहीस, ती मी जपून ठेवलीय. चुलीत सगळ्यात खाली घातलीय, वर बर्चची साल आणि काटक्या रचून. काडीपेटी शेजारी आहे. काडी तू लावायची आहेस.

तुझा भाऊ,
रेइनो